मोकळीक मालकाला, भुर्दंड थीमवाल्याला

वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरबद्दल थीम बनवणाऱ्यांनी तोंड उघडलं की त्यांना एक ठरलेलं उत्तर मिळतं. तुम्हाला बदल नको आहे. साइटचा मालक स्वतःच पान मांडू लागला, रंग बदलू लागला, तर तुमचं दुकान कसं चालणार, म्हणून हा आरडाओरडा. वसई-विरारसारख्या शहरात एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून एकटादुकटा माणूस दवाखान्यांच्या, क्लासेसच्या, रिसॉर्टच्या साइट बनवून देतो. त्याला हे उत्तर अधिकच टोचतं, कारण त्यात त्याच्या कामाबरोबर त्याच्या हेतूवरही शंका घेतलेली असते.

ही शंका खोटी आहे. एडिटरनं पानाच्या मांडणीचे निर्णय मालकाच्या हाती दिले, ते द्यायलाच हवे होते. त्या निर्णयांचे परिणाम निस्तरायचं काम मात्र थीमवाल्याकडेच राहिलं, आणि ते करायची साधनं त्याच्या हातातून काढून घेतली गेली. तक्रार याची आहे.

मुळात वर्डप्रेस उभं राहिलं ते एका स्वच्छ वाटणीवर. २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती आली. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बीटू नावाच्या जुन्या प्रणालीवरून ती बेतली होती. मजकूर डेटाबेसमध्ये राहील आणि रूप थीममध्ये राहील, ही ती वाटणी. लिहिणाऱ्यानं लिहायचं, ते कसं दिसेल ते थीमनं ठरवायचं. थीम बदलली की हजार लेखांचं रूप एका फटक्यात बदलायचं आणि लेखातलं अक्षरही हलायचं नाही. आज जगातल्या दर १० साइटपैकी ४ हून अधिक वर्डप्रेसवर चालतात, त्यामागे फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरइतकाच या वाटणीचाही हात आहे. तिच्यामुळेच नालासोपाऱ्यातला एकटा डेव्हलपर पंधरा-वीस साइट एकाच वेळी सांभाळू शकत होता.

२०१६ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियातल्या वार्षिक भाषणात मलनवेग यांनी पान ‘ब्लॉक’ म्हणजे परिच्छेद, फोटो अशा तुकड्यांनी मांडायच्या नव्या एडिटरचं काम हाती घेत असल्याचं जाहीर केलं. जून २०१७ मध्ये तो ‘गुटेनबर्ग’ या नावाने प्लगइन म्हणून आला आणि ६ डिसेंबर २०१८ रोजी, ५.० या आवृत्तीत, सगळ्यांसाठी मुख्य एडिटर झाला. दुसऱ्याच दिवशी नॅशव्हिलमध्ये वर्डप्रेसवाल्यांचा वर्डकॅम्प हा मेळावा सुरू होत होता. योस्ट या प्लगइनचे संस्थापक योस्ट द वाल्क यांच्यासारखी आतली, अनुभवी माणसं तारीख पुढे ढकला म्हणून जाहीरपणे सांगत होती. ती नाताळानंतर ढकलली गेली नाही, ऐन सणाच्या तोंडावर अपडेट आलं. गुटेनबर्ग प्लगइनच्या पानावर वापरणाऱ्यांनी दिलेले गुण ५ पैकी साधारण २ च्या आसपास रेंगाळले आणि आजही तिथून फारसे हललेले नाहीत.

जुना एडिटर परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’ हे अधिकृत प्लगइन त्याच वेळी दिलं गेलं. त्याला २०२१ च्या अखेरपर्यंत आधार मिळेल असं सांगितलं होतं. ती मुदत पुढे वाढवावी लागली, आणि मग गरज असेल तोवर आधार देऊ असं म्हणावं लागलं. ते आजही ५० लाखांहून अधिक साइटवर चालू आहे. एवढ्या साइटवर कुणीतरी मुद्दाम जाऊन नवा एडिटर बंद केला, त्या सगळ्यांना बदलाला घाबरणारे म्हणून निकालात काढणं हा युक्तिवाद होत नाही.

आता दुकानाची गोष्ट. वसईत साइट बनवून घेणारे कोण असतात? अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले, वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखानदार, क्लासेस, पतपेढ्या, दवाखाने, समाजाच्या संस्था. यातल्या बहुतेकांशी व्यवहार एकरकमी असतो. साइट बनवण्याचे पैसे मिळतात. देखभालीचा करार लेखी होतोच असं नाही, तो अनेकदा ओळखीवर, ‘दादा, जरा बघ ना’ या एका वाक्यावर चालतो. अशा व्यवहारात मालकानं स्वतः फोटो बदलला, स्वतः दर टाकले, तर थीमवाल्याचा एक फोन वाचतो, आणि त्या फोनचे पैसे त्याला कधी मिळतच नसतात. मालक स्वावलंबी झाला तर सर्वांत आधी पेढे हा माणूस वाटेल. त्याचं दुकान बुडण्याची भीती घालणाऱ्यांनी त्याचं दुकान पाहिलेलंच नाही.

प्रत्यक्षात फोन वाढले. ते का वाढले, हे समजण्यासाठी एडिटरच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

२५ जानेवारी २०२२ रोजी ५.९ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत साइट एडिटर आला. तोवर एडिटर मुख्यतः लेखापुरता होता. आता साइटचं डोकं, तळपट्टी, लेखांची मांडणी, सगळंच मालकाला माउसनं बदलता येऊ लागलं. यात एक यंत्रणा अशी आहे की ती माहीत नसलेल्याला भुताटकी वाटावी. थीमवाल्यानं बनवलेला हेडर हा थीममधल्या एका फाइलीत असतो. मालकानं साइट एडिटरमध्ये जाऊन त्यात काहीही बदललं आणि ‘सेव्ह’ केलं, की त्या हेडरची संपूर्ण प्रत डेटाबेसमध्ये तयार होते. त्यापुढे साइट ती प्रत दाखवते. थीममधली फाइल जागच्या जागी असते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही.

समजा, राजोडीच्या एका रिसॉर्टवाल्यानं गणपतीत हेडरचा रंग भगवा केला आणि महिन्याभरानं पुन्हा निळा केला. त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही. सहा महिन्यांनी थीमवाल्याच्या लक्षात येतं की मोबाइलवर मेनू उघडल्यावर बुकिंगचं बटण झाकलं जातं. तो थीमच्या फाइलीत दुरुस्ती करतो, नवी आवृत्ती सगळ्या क्लायंटच्या साइटवर चढवतो. सगळीकडे बटण दिसू लागतं, फक्त या साइटवर दिसत नाही. कॅशे साफ होते, होस्टिंगवाल्याला फोन जातो, एक अख्खी दुपार जाते, आणि मग कळतं की सहा महिन्यांपूर्वीच्या त्या निळ्या-भगव्यानं फाइलीचा संबंध तोडून ठेवला होता. इमारतीच्या नकाशात नळ एका भिंतीत आणि प्रत्यक्षात भलत्याच भिंतीत, असा हा प्रकार आहे, आणि गळती काढायला बोलावलेल्या माणसाच्या हाती फक्त नकाशा असतो.

यावर एडिटरमध्ये ‘रीसेट’ची सोय आहे असं सांगितलं जातं. आहे खरी. ती दाबली की डेटाबेसमधली प्रत पुसली जाते आणि थीमची फाइल परत येते. पण त्या प्रतीत मालकानं रंगाबरोबर नवा फोन नंबर टाकला असेल, दिवाळीच्या सवलतीची ओळ टाकली असेल, तर तेही पुसलं जातं. दोन्हीकडचे बदल शेजारी ठेवून, हे घ्या, ते सोडा, असं म्हणायची सोय नाही. प्रोग्रॅमरांच्या जगात ती सोय जुनी आणि रोजची आहे. गिट नावाचं साधन २००५ पासून नेमकं तेच करतं, पण गिटला फाइली दिसतात, डेटाबेसमधल्या प्रती दिसत नाहीत. म्हणजे थीमवाल्याचं काम फाइलीतून डेटाबेसमध्ये नेलं आणि त्याची हत्यारं फाइलींपाशीच राहिली.

पॅटर्नचंही तेच. पॅटर्न म्हणजे आधी मांडून ठेवलेला ब्लॉकचा गट, उदाहरणार्थ खोलीचा फोटो, दर, बुकिंगचं बटण. तो पानात टाकला की त्या क्षणी त्याची नक्कल होते. पाच पानांवर टाकला तर पाच नकला. मूळ पॅटर्न सुधारला तरी त्या पाचांपैकी एकही सुधारत नाही. सगळीकडे एकच राहील असा दुसरा प्रकार आहे, पण मांडणी एक आणि मजकूर प्रत्येक पानावर वेगळा, ही सर्वांत साधी गरज भागायला २०२४ च्या जुलैमधली ६.६ ही आवृत्ती यावी लागली. एडिटर आल्यापासून साडेपाच वर्षांनी.

त्याहून नाजूक प्रकरण स्वतःचे ब्लॉक बनवणाऱ्यांचं. हा एडिटर लेखाच्या मजकुरासोबत त्याचं तयार एचटीएमएलही साठवतो आणि प्रत्येक ब्लॉकभोवती खुणेच्या ओळी घालतो. डेव्हलपरनं पुढे आपल्या ब्लॉकच्या रचनेत एखादा डबा वाढवला, एखादं नाव बदललं, की जुना लेख एडिटरमध्ये उघडताना साठवलेलं आणि अपेक्षित यांचा मेळ बसत नाही, आणि मालकापुढे इशारा येतो की या ब्लॉकमध्ये अनपेक्षित किंवा अवैध मजकूर आहे. मालकानं त्यात काहीच केलेलं नसतं. वाचकाला पान नीट दिसत असतं. पण आपल्या संस्थेच्या पानात ‘अवैध’ काहीतरी आहे हे वाचून कार्यवाह घाबरतात, शेजारचं दुरुस्तीचं बटण दाबतात, आणि कधी कधी त्या दुरुस्तीतच मजकुराचा तुकडा गळतो. हे टाळायचं तर डेव्हलपरनं ब्लॉकची प्रत्येक जुनी रचना कोडमध्ये कायमची जपून ठेवायची, किंवा ब्लॉक सर्व्हरवर घडणारा बनवायचा. दुसरा मार्ग चांगला आहे आणि जाणते लोक तोच घेतात. मात्र वर्डप्रेसच्या अधिकृत थीम-संग्रहात थीम द्यायची असेल तर तिच्यात स्वतःचे ब्लॉक ठेवायला मनाई आहे. ते वेगळ्या प्लगइनमध्ये द्यावे लागतात. म्हणजे एकाच साइटसाठी दोन वस्तू सांभाळा, दोन्हींची आवृत्ती जुळवा.

मजकूर आणि रूप एकात एक गुंतले की काय होतं, हे मराठीला नव्यानं सांगायला नको. नव्वदच्या दशकापासून दोन दशकं आपला बहुतेक मजकूर श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी अशा पद्धतींत टाइप झाला. तिथे प्रत्येक फॉन्टचा अक्षरांचा संकेत वेगळा होता. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे इंग्रजी चिन्हांचा ढीग. मासिकांचे अंक, दिवाळी अंक, पतपेढ्यांचे अहवाल, ग्रामपंचायतींचे ठराव अशा फाइलींत अडकले, आणि ते सोडवण्यासाठी कन्व्हर्टर शोधत फिरायची वेळ अजून सरलेली नाही. युनिकोडनं त्यातून सुटका केली, कारण युनिकोडमध्ये अक्षर कोणतं आहे ते साठवलं जातं, ते कसं दिसतं ते नाही.

ब्लॉक एडिटरचा गुंता त्या दर्जाचा घातक नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्यानं साठवलेला मजकूर युनिकोडच असतो, आणि एडिटर उद्या नाहीसा झाला तरी परिच्छेद वाचता येतील. खुणेच्या ओळी ब्राउझरमध्ये दिसत नाहीत. पण लेखांच्या याद्या, मेनू असे जे ब्लॉक त्या क्षणी घडतात, ते वर्डप्रेसबाहेर नेले की रिकामे होतात. आणि रकान्यांची रुंदी, रंग, अंतर हे सगळं एकेका लेखात कोरलं गेलेलं असतं. थीम बदलली की हजार लेखांचं रूप बदलेल, हे जुनं वचन आता पाळलं जात नाही. ज्या लेखात मालकानं हातानं पिवळी पार्श्वभूमी दिली, तिथे ती नव्या थीममध्येही पिवळीच राहते.

वसईत हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे. इथे लिहिणारे आणि जपणारे पुष्कळ आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेलं ‘सुवार्ता’ मासिक याच मातीतलं. सामवेदी आणि वाडवळी बोलीतली गाणी, लग्नाचे विधी, सोपाऱ्याचा स्तूप, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम, यांवरचा मजकूर आता कागदाबरोबर साइटवरही जातो. तो पाच वर्षं नव्हे, पन्नास वर्षं टिकला पाहिजे. तो टाकणारे हात बहुधा निवृत्त शिक्षकांचे किंवा संस्थेच्या चिटणीसांचे असतात. त्यांना शंभर बटणं नको असतात. शीर्षक, मजकूर, फोटो, फोटोखालची ओळ एवढं नीट चढावं आणि ते दुसऱ्या दिवशीही तसंच दिसावं, एवढीच त्यांची मागणी असते.

आणि ती शंभर बटणं ज्या लिपीसाठी बनली आहेत ती देवनागरी नव्हे. परिच्छेद निवडला की उजवीकडच्या पट्टीत अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय मिळते. रोमनमध्ये त्यानं मथळा ऐसपैस दिसतो. मराठीत शिरोरेषा तुटते, अक्षरं एकमेकांपासून विलग होतात. त्याच पट्टीत मोठी लिपी, छोटी लिपी असा पर्याय आहे, जो देवनागरीत काहीच करत नाही. मालक ते बटण तीनदा दाबतो आणि साइट बिघडली म्हणून फोन करतो. ओळींमधलं अंतर कमी केलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांवर चढतात. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय आहे. ‘स्त्री’ किंवा ‘क्षेत्र’ या शब्दानं परिच्छेद सुरू झाला तर नेमकं काय मोठं होईल, ते ब्राउझरवर अवलंबून राहिलं. भारतीय लिपींत अख्खं जोडाक्षर एकत्र मोठं व्हावं हे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या भारतीय लिपींवरच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेलं आहे, आणि जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत २०२३ साली आला. एडिटरनं त्याची वाट न पाहता २०१८ मध्येच बटण देऊन टाकलं.

फॉन्टचं पाहा. ट्वेंटी ट्वेंटी-फोर या वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीममध्ये इंटर आणि कार्डो हे फॉन्ट आहेत. दोन्हींत देवनागरी नाही. परिणामी मराठी मजकूर वाचकाच्या यंत्रात जो फॉन्ट असेल त्यात दिसतो, विंडोजवर एक, अँड्रॉइडवर दुसरा. मालक आपल्या लॅपटॉपवर आकार ठरवतो आणि गिऱ्हाईक विरार लोकलमध्ये उभ्यानं मोबाइलवर भलतंच काही पाहतं. एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीत फॉन्ट लायब्ररी आली, तेव्हापासून मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या संस्थांनी बनवलेले मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट मालकाला स्वतः बसवता येतात. ही खरोखर चांगली भर आहे. ती पहिल्या वर्षीच यायला हवी होती.

सर्वांत वाईट अवस्था पत्त्याची आहे. लेख प्रकाशित केला की शीर्षकावरून त्याचा वेबपत्ता तयार होतो. वर्डप्रेस त्यासाठी २०० चिन्हांची जागा ठेवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, त्या पत्त्यात ९ चिन्हांची जागा खातं. हिशेब केला तर मराठीच्या वाट्याला जेमतेम २२ चिन्हं येतात. ‘वसईच्या किल्ल्याचा इतिहास आणि आजची अवस्था’ असं शीर्षक दिलं तर पत्ता ‘वसईच्या-किल्ल्याचा-इतिहा’ इथे तुटतो. इंग्रजीत एवढ्याच शब्दांचं शीर्षक सहज मावतं आणि वर जागा उरते. ही मर्यादा ब्लॉक एडिटरच्या कितीतरी आधीची आहे, त्याचा दोष त्याच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण एडिटर नव्यानं बांधायला घेतला, त्यावर वर्षानुवर्षं शेकडो माणसांचे श्रम खर्च झाले, आणि मराठी शीर्षकाचा पत्ता अर्ध्या शब्दावर तुटतो हे त्या सगळ्यात कुणाच्या यादीत वर आलं नाही. प्राधान्य कशाला मिळालं, ते यावरून कळतं.

भाषांतराचंही असंच. जुन्या थीममध्ये ‘शोधा’, ‘पुढे वाचा’, ‘संपर्क’ असे शब्द भाषांतरासाठी मोकळे ठेवता यायचे. ब्लॉक थीमचे टेम्प्लेट म्हणजे पानांचे साचे नुसत्या एचटीएमएलमध्ये असतात, त्यांत ती सोय चालत नाही. मग ते शब्द पीएचपीमधल्या पॅटर्नमध्ये हलवायचे आणि टेम्प्लेटमधून तो पॅटर्न बोलवायचा, अशी वळणाची वाट धरावी लागते. इंग्रजीत थीम लिहून इंग्रजीतच वापरणाऱ्याला ही अडचण कधी कळणारही नाही.

एडिटरच्या बाजूनं जे खरं आहे तेही सांगायला हवं. जुना एडिटर काही स्वर्ग नव्हता. वर्डमधून मजकूर चिकटवला की त्याच्याबरोबर कचरा यायचा, दोन फोटो शेजारी ठेवायला कसरत करावी लागायची. त्या काळातले पेज बिल्डर बंद केले की पानभर कंसातल्या आज्ञांचा खच पडायचा, आणि तो उपसण्यात अनेकांच्या रात्री गेल्या आहेत. ब्लॉक एडिटरनं यातलं बरंच सावरलं. जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून थीममध्ये एक जेसन फाइल ठेवून रंग, आकार, अंतर यांचे पर्याय मोजके करता येतात, नको ती बटणं काढून टाकता येतात. वर सांगितलेली अक्षरांमधल्या अंतराची आणि मोठ्या अक्षराची सोय जाणता थीमवाला याच फाइलीतून बंद करतो. ही फाइल म्हणजे या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

पण ती बंद करावी लागते, हाच मुद्दा आहे. साइटची भाषा मराठी आहे हे वर्डप्रेसला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी शिरोरेषा तोडणारं बटण मुळात चालूच येतं. एकेका ब्लॉकला कुलूप लावायची सोय एडिटरमध्ये दिसली ती मे २०२२ च्या ६.० मध्ये, आणि ते कुलूपही नेहमीच्या व्यवस्थेत मालक स्वतःच काढू शकतो. त्याला ते काढता येऊ नये असं करायचं तर कोड लिहावा लागतो. मोकळीक मुळातच दिलेली आणि सुरक्षितता मात्र शोधून, शिकून, वरून लावायची, हा क्रम उलटा आहे.

‘नको असेल तर वापरू नका, सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्याच कोडमधून स्वतःचा फाटा काढा’ हे आणखी एक उत्तर. २०१८ मध्येच क्लासिकप्रेस या नावानं तसा फाटा निघाला आणि तो अजून चालू आहे. पण वसईतला थीमवाला क्लायंटला त्यावर कसा नेणार? पैसे घेण्याचं प्लगइन, बुकिंगचं प्लगइन, होस्टिंगवाल्याची एका क्लिकची सोय, हे सगळं मुख्य वर्डप्रेससाठी बनतं आणि दिवसेंदिवस ब्लॉक गृहीत धरूनच बनतं. वेबचा एवढा हिस्सा ज्याच्याकडे आहे त्यानं निघून जाण्याचा सल्ला देणं म्हणजे प्रश्नाला उत्तर न देणं.

या एडिटरची मोठी तक्रार फक्त थीमवाल्यांनी केलेली नव्हती, हेही विसरता कामा नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रीटफेल्ड यांनी राजीनामा दिला. दृष्टिहीनांना, केवळ कीबोर्ड वापरणाऱ्यांना हा एडिटर वापरता येईल अशा स्थितीत तो नाही, हे त्यांच्या गटाचं म्हणणं होतं. पुढे डब्ल्यूपीकॅम्पस या उच्च शिक्षणातल्या वापरकर्त्यांच्या संस्थेनं निधी उभारून टेनॉन या कंपनीकडून तपासणी करून घेतली. मे २०१९ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यात दोषांची लांबलचक यादी निघाली. त्यानंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण दुकान बुडण्याच्या भीतीनं ओरडणारे लोक, हा आरोप रीटफेल्ड यांना कसा लावणार? भारतातही हा विषय आता सौजन्याचा राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. संस्थेची साइट चालवणाऱ्या दृष्टिहीन चिटणीसाला लेख चढवता आला पाहिजे, ही जबाबदारी शेवटी कुणाच्या गळ्यात येईल? ज्यानं साइट बनवून दिली त्याच्याच.

हुशार थीमवाल्यांनी आपली वाट केव्हाच काढली आहे. खोलीचा दर, डॉक्टरांची वेळ, बॅचची तारीख हे सगळं मोकळ्या पानात न सोडता ते स्वतंत्र रकान्यांत भरून घेतात. मालक फक्त आकडा बदलतो, मांडणीला हात लागत नाही. पण त्यासाठी लाखो साइट ज्या ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगइनवर विसंबून आहेत, ते वर्डप्रेसच्या गाभ्यात नाही, बाहेरच्या कंपनीचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मलनवेग आणि ती कंपनी, डब्ल्यूपी इंजिन, यांच्या भांडणात वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातलं त्याचं पानच दुसऱ्या नावानं ताब्यात घेतलं गेलं. डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशानंतर ते परत करावं लागलं. त्या दोन महिन्यांत या सगळ्या साइटच्या पायाशी काय चाललंय याचा निर्णय हजारो मैलांवर होत होता, आणि इथे क्लायंटला उत्तर देणारा माणूस एकटाच होता. एवढी मूलभूत गरज गाभ्यात हवी होती. तिच्याऐवजी गाभ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण आहे.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. मालकानं टेम्प्लेट बदललं असेल तर थीमच्या अपडेटच्या वेळी ते दोघांनाही दिसावं आणि दोन्ही बदल जुळवता यावेत. साइटची भाषा देवनागरीत लिहिली जाणारी असेल तर तिला मोडणारी बटणं आपोआप बंद यावीत. पत्त्याची मर्यादा बाइटवर नव्हे, अक्षरांवर मोजली जावी. कुलूप लावलं तर ते लावणाऱ्यालाच काढता यावं. यातली एकही मागणी मालकाचं स्वातंत्र्य कमी करत नाही.

वसई-विरारमधल्या, पालघर जिल्ह्यातल्या साइटमालकांनी एक करावं. पुढची साइट बनवून घेताना कोणती पानं आपण स्वतः बदलणार आणि कोणत्या भागाला हात लावणार नाही, हे थीमवाल्याकडून लिहून घ्यावं, आणि देखभालीचे पैसे वेगळे मोजून द्यावेत. आणि थीम बनवणाऱ्या मराठी माणसांनी आपसांतल्या गप्पांत चिडून थांबू नये. २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबईची निवड झाली, म्हणजे हा समाज इथे आहे आणि मोठा आहे, हे वर्डप्रेसवाल्यांना ठाऊक आहे. तुटलेल्या शिरोरेषेचं चित्र, तुटलेला पत्ता, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या ब्राउझरमध्ये, एवढं जोडून प्रत्येकानं आपली तक्रार वर्डप्रेसच्या अधिकृत दोषनोंदीत टाकावी. मराठीतल्या अडचणी मराठीत काम करणाऱ्यांनी नोंदवल्या नाहीत तर त्या दुसरं कुणीही नोंदवणार नाही.